घरचं सोयाबीन बियाणं: मळणीपासून बीजप्रक्रियेपर्यंत उगवण कशी टिकवायची

ऑक्टोबरात काढलेलं सोयाबीन पुढच्या खरिपात पेरायचं, तर ते सात-आठ महिने जिवंत ठेवावं लागतं. गहू-ज्वारीला हे सहज जमतं, सोयाबीनला जमत नाही. या दाण्यात १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ओल आणि ऊब मिळाली की तेल खवट व्हायला लागतं आणि त्याबरोबर अंकुराचं बळ जातं. वरचं टरफल पातळ, आणि मुळाचा कोंब त्या टरफलाच्या अगदी खाली, दाण्याच्या कडेला असतो. पोतं आदळलं की मार थेट कोंबालाच बसतो.

कपाशीचं संकरित बियाणं औषध लावूनच पाकिटात येतं आणि दरवर्षी नवं घ्यावं लागतं. सोयाबीन सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं, पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याच्या उत्पन्नातून निवडून पुढे तीन वर्षांपर्यंत घरचं बियाणं वापरता येतं. फुले संगम, फुले किमया किंवा फुले अग्रणी यांपैकी काहीही असो, हे सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे वाण आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातले आहेत आणि घरी राखण्यासारखे आहेत. मात्र राखायची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी दाण्याला औषध आणि जिवाणू लावणं, मेलेल्या दाण्यात जीव घालत नाही. बियाण्याची प्रत सगळ्यात चांगली असते ती दाणा पक्व होतो त्या दिवशी. तिथून पुढे ती फक्त उतरते, आणि किती वेगानं उतरू द्यायची एवढंच आपल्या हातात असतं. जूनमध्ये महागडं औषध लावून ५० टक्के उगवणीचं बियाणं ७० टक्क्यांचं होत नाही.

बियाण्याचं रान वेगळं ठरवा

सगळं सोयाबीन एकत्र मळून त्यातलं चार पोती बियाणं म्हणून बाजूला काढणं ही नेहमीची पद्धत, आणि इथंच निम्मं नुकसान होतं. बियाण्यासाठी उभ्या पिकातलाच चांगला निचऱ्याचा तुकडा ठरवा. फुलं असताना एकदा आणि शेंगा पिकताना एकदा त्यातून फिरून वेगळ्या रंगाच्या फुलांची, वेगळ्या उंचीची किंवा वेगळी लव असलेली झाडं उपटून टाका. पंचगंगा, वारणा, कृष्णा किंवा दूधगंगेच्या काठाला जिथं पुराचं पाणी चढून पीक बुडालं असेल, तिथलं बियाणं धरू नका, दाणा वरून कितीही बरा दिसला तरी.

शेंगा पिवळ्या-तांबूस होऊन साधारण ९५ टक्के वाळल्या की हा तुकडा पहिल्यांदा काढा. पिकलेल्या शेंगेवर परतीचा पाऊस पडला की दाणा फुगतो, ऊन पडलं की आकसतो. असं दोन-तीनदा झालं की टरफलाला सुरकुत्या आणि बारीक चिरा पडतात आणि त्यातून बुरशी आत शिरते. जांभळे डाग पडलेला किंवा खडूसारखा पांढरट पडलेला दाणा याच काळात तयार होतो. बाजारात त्याला थोडा कमी भाव मिळेल इतकंच, पण बियाण्यात तो नको.

काढलेलं सोयाबीन लगेच गंजी लावून ताडपत्रीखाली दाबू नका. ओल्या गंजीच्या पोटात ऊब धरते. दोन-तीन दिवस उन्हात पसरून वाळवा आणि मग मळा.

मळणी: ओल आणि फेरे

मळणीच्या वेळी दाण्यात १३ ते १४ टक्के ओल असावी. ओल १४ टक्के असेल तर मळणी मशीनचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, आणि १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० ठेवा. जास्त ओला दाणा चेचतो आणि फार वाळलेला फुटतो. भाड्याच्या मशीनवाल्याला काम उरकायची घाई असते, त्यामुळे तो फेरे वाढवतोच. बियाण्याची पोती काढायच्या आधी त्याच्याशी हे स्पष्ट बोलून घ्या. पहिली पाटी बाहेर आली की मूठभर दाणे हातावर घेऊन डाळ पडलेली आणि टरफल सुटलेली किती आहेत ते बघा. शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त दिसली तर मशीन थांबवून फेरे कमी करा. सिमेंटच्या खळ्यावर ट्रॅक्टर फिरवून मळलेलं सोयाबीन बियाण्याच्या कामाचं नाही.

डोळ्यांना दिसत नाही तो मारही तपासता येतो. कपड्यांचे डाग काढायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण साधारण ४ ते ५ टक्क्यांचं मिळतं. त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग घ्या. त्यात शंभर चांगले दिसणारे दाणे १० मिनिटं बुडवा. ज्यांच्या टरफलाला चीर गेली आहे ते दाणे टम्म फुगतात, धड दाणे जवळपास तसेच राहतात. दहाच्या वर दाणे फुगले तर त्या पोत्यातलं बियाणं ठेवू नका, तेलासाठी विका. ही चाचणी मळणीच्या दिवशीच केली तर दुसऱ्या मशीनवर उरलेली मळणी करायला वाव राहतो.

वाळवण आणि वजनावरून ओल काढणं

मळल्यावर दाणे ताडपत्रीवर पातळ पसरा, बोटाच्या दोन पेरांइतका थर पुरे. दिवसातून तीन-चारदा हात फिरवा. तापलेल्या सिमेंटवर किंवा पत्र्यावर नको, कारण वरचं टरफल झटकन वाळून आकसतं, आतला गर मागे राहतो आणि टरफल तडकतं. दुपारी ऊन कडक असेल तर तेवढा वेळ गोळा करून झाका. संध्याकाळी दव पडायच्या आत आवरा.

साठवणीसाठी ओल जास्तीत जास्त १२ टक्के हा प्रमाणित बियाण्याचा निकष आहे. कोल्हापूरच्या हवेत घरी ठेवायचं असेल तर १० टक्क्यांपर्यंत आणावं. १२ आणि १० यांत फरक तो काय, असं वाटेल. पण बीजशास्त्रातला जुना अंगठेनियम असा आहे की ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओल एक टक्क्यानं कमी केली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी दुप्पट होतं. तापमान उतरवायला शीतगृह लागतं. ओल उतरवायला दोन-तीन दिवसांचं ऊन पुरतं.

ओल मोजायचं यंत्र धान्याच्या व्यापाऱ्याकडे असतं. सुरुवातीला एकदाच तिथं आकडा घ्या, पुढचं काम वजनकाट्यावर होतं. समजा ५० किलोच्या पोत्यात १४ टक्के ओल निघाली. म्हणजे ७ किलो पाणी आणि ४३ किलो कोरडा दाणा. ओल १० टक्क्यांवर यायला हे ४३ किलो एकूण वजनाच्या ९० टक्के व्हायला हवेत. ४३ ला ०.९० नं भागा, उत्तर येतं ४७.८ किलो. तेव्हा पोतं सव्वादोन किलोंनी हलकं झालं की वाळवण पुरी झाली. सांडलवंड होणार नाही एवढं बघा, नाहीतर हिशोब चुकतो. ८ टक्क्यांच्या खाली मात्र नेऊ नका. फार वाळलेला दाणा हाताळताना तडकतो, आणि ओल्या रानात पडला की पाणी एकदम ओढून आतून फुटतो.

साठवण: खरा धोका वळवाचा आणि जूनचा

दाणा हवेतली ओल घेतो आणि सोडतो. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर सोयाबीन साधारण ११ टक्क्यांवर स्थिरावतं, ७५ टक्के असेल तर १३ च्या पुढे जातं. नोव्हेंबर ते मार्च कोल्हापूरची हवा बियाण्याला मानवते. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की दिवसा उकाडा आणि संध्याकाळी दमट हवा असा खेळ चालतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर तर हवा ओलीच असते. नोव्हेंबरात १० टक्क्यांवर बांधलेलं पोतं उघड्या शेडमध्ये जूनपर्यंत सहज १३ ला पोचतं. पश्चिमेकडे, म्हणजे राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या बाजूला हे लवकर होतं. शिरोळ-हातकणंगल्याला थोडं उशिरा होतं, पण होतंच.

त्यामुळे जागा निवडताना दोन गोष्टी बघा: उकाडा कमी आणि ओल कमी. पत्र्याच्या शेडमधला माळा दोन्ही बाबतींत वाईट. कौलारू घरातली आतली, कोरड्या भिंतींची खोली चांगली. फरशीवर लाकडी फळ्या किंवा पॅलेट टाकून पोती जमिनीपासून चार-सहा इंच वर ठेवा आणि भिंतीपासून फूटभर लांब. ५०-६० किलोची पोती असतील तर थप्पी पाचाच्या वर नेऊ नका, कारण खालच्या पोत्यातले दाणे दबतात. पोती उचलायला हमालाचा आकडा लावू देऊ नका आणि वरून टाकू देऊ नका. त्याच खोलीत युरिया किंवा दुसरी खतं, तणनाशक, कीटकनाशक ठेवू नका. खतं ओल ओढतात, आणि औषधांच्या वाफेनं उगवण बिघडते.

पोतं कुठलं वापरायचं हे ओलीवर ठरतं. १० ते १२ टक्के ओल असेल तर स्वच्छ, नवं किंवा उन्हात तापवून घेतलेलं तागाचं पोतं घ्या, त्यातून हवा खेळते. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली हवाबंद पिशवी फक्त ८ ते ९ टक्क्यांवर आणलेल्या बियाण्यासाठी. १२ टक्क्यांचं बियाणं हवाबंद केलं तर ओल आतच कोंडते, दाणा स्वतःच्या श्वासानं तापतो आणि दोन महिन्यांत कुबट वास येतो. महागडी पिशवी घेऊनही बियाणं वाया गेलं असं होतं तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि मेमध्ये वळीव येऊन गेल्यावर प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत गरम किंवा दमट लागलं तर त्याच दिवशी सावलीत, वाऱ्याला पसरा. राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या ठेवू नका. त्यातून निघणारा वायू माणसांचा जीव घेतो आणि सोयाबीनच्या साठवणीत त्यांची गरजही सहसा पडत नाही.

ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे: जानेवारीत लावून मेमध्ये काढलेलं उन्हाळी सोयाबीन. उत्पादन खरिपापेक्षा कमी येतं, पण बियाण्याला साठवणीचे सहा-सात महिने लागतच नाहीत, त्यामुळे उगवण चांगली मिळते. काढणी वळवाच्या तोंडावर येते, तेवढं वेळापत्रक सांभाळावं लागतं.

उगवण तपासणी

पेरणीच्या आधी पंधरा दिवस तरी ही झालीच पाहिजे. एप्रिलमध्येही एकदा करा, म्हणजे बियाणं हुकलं असेल तर दुसरं शोधायला वेळ मिळतो.

१. प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मूठभर दाणे काढा, एकत्र मिसळा. निवडून चांगलेच दाणे घेऊ नका.

२. गोणपाटाचे चौकोनी तुकडे स्वच्छ धुऊन भिजवा आणि पिळून घ्या. पाणी ठिबकायला नको.

३. एका तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे ठेवा, दोन दाण्यांत दीड ते दोन सेंटिमीटर अंतर. वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करा. अशा निदान तीन गुंडाळ्या करा.

४. सावलीत ठेवा, सुकेल तसं पाणी शिंपडा. पाचव्या दिवशी एकदा बघा, सातव्या-आठव्या दिवशी मोजा.

मोजताना कोंब बाहेर आला म्हणजे उगवलं असं धरू नका. सरळ मूळ, धड खोड आणि दोन्ही डाळी शाबूत असतील तेच रोप मोजायचं. मूळ आखूड राहिलेलं, डाळीचा तुकडा पडलेलं, बुरशीनं लडबडलेलं रोप रानात तग धरत नाही. तीन गुंडाळ्यांची सरासरी काढा.

उगवण ७० टक्के किंवा त्याहून जास्त आली तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा: ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५ किलो. ६० च्या खाली पेरूच नका. बियाणं वाढवून संख्या भरेल असं वाटतं, पण ५० टक्क्यांपर्यंत उतरलेल्या लॉटमधले उगवणारे दाणेही दुबळेच असतात. पेरणीवर एक जोराचा पाऊस होऊन काळ्या रानाला खपली धरली की ती ढकलून वर यायची ताकद त्यांच्यात नसते.

ही ताकद बघायची असेल तर आपल्याच रानातली माती ट्रेमध्ये घेऊन, दीड इंच खोल शंभर दाणे लावा. गोणपाटात ७५ आणि मातीत ५५ असा फरक दिसला तर बियाणं म्हातारं झालंय असं समजा. कागदावरच्या आकड्यापेक्षा या ट्रेवर जास्त भरवसा ठेवा. शंका असेल तर कोल्हापुरातल्या शेंडा पार्कचं कृषी संशोधन केंद्र किंवा कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रं यांच्याकडे सल्ला मिळतो.

बीजप्रक्रिया: क्रम आणि पाणी

क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. जिवाणू शेवटी, कारण ते जिवंत असतात.

बुरशीनाशकात कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के ही पावडर किलोला ३ ग्रॅम लागते. रोपं कोलमडणं, मूळकूज, खोडकूज यांपासून ती सुरुवातीच्या काळात राखण करते. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात थायमेथोक्झाम ३० एफएस (बियाण्याला लावायचं पातळ कीटकनाशक) किलोला १० मिलि. बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र असलेलं तयार मिश्रण घेतलं तर वेगळं कीटकनाशक लावू नका. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणेच. रासायनिक टाळायचं असेल तर ट्रायकोडर्मा किलोला ८ ते १० ग्रॅम. मात्र तो बुरशीच आहे, त्यामुळे रासायनिक बुरशीनाशकाबरोबर लावला तर पैसे फुकट जातात. दोन्हींपैकी एकच निवडा.

सगळ्यात मोठी चूक पाण्यात होते. भुईमूग, हरभऱ्याच्या सवयीनं सोयाबीनवर गुळाचं पाणी सढळ ओतलं जातं. १० किलो बियाणं १० टक्के ओलीचं असेल तर त्यात १ किलो पाणी आहे. त्यावर १५० मिलि पातळ द्रावण घातलं तर ओल साडेअकराच्या आत राहते. अर्धा लिटर घातलं तर ती १४ च्या वर जाते, आणि हे सगळं पाणी पहिल्यांदा टरफलच पितं. टरफल सुरकुततं, फुगतं आणि हातानं चोळलं की सालपटासारखं सुटतं. असं बियाणं कुरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) नळ्यात अडकतं आणि रानात कुजतं. म्हणून एका वेळी १० किलोला १५० मिलिच्या वर पातळ पदार्थ जाऊ देऊ नका, आणि दोन लेपांच्या मध्ये सावलीत सुकू द्या.

३० ग्रॅम पावडर ५०-६० मिलि पाण्यात कालवून पातळ लगदा करा. बीजप्रक्रियेचा ड्रम असेल तर निम्माच भरा आणि दोन-तीन मिनिटं सावकाश फिरवा. ड्रम नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या कागदावर १० किलो बियाणं घेऊन वर लगदा शिंपडा आणि दोघांनी चार कोपरे धरून बियाणं इकडून तिकडे लोळवा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. हातानं चोळू नका. सगळ्या दाण्यांना सारखा रंग आला की थांबा. अर्ध्या-एक तासानं कीटकनाशकाचा लेप याच पद्धतीनं.

हे रासायनिक लेप पेरणीच्या आठवडाभर आधीही लावता येतात, आणि तसं केलेलं बरं. दाणा नीट सुकतो, आणि ताज्या औषधाचा जिवाणूंवर होणारा मार कमी होतो. औषध लावलेलं बियाणं पुन्हा तागाच्या पोत्यातच, वेगळी खूण करून, जनावरं आणि मुलांपासून लांब ठेवा.

जिवाणू खत पेरणीच्या दिवशी, तीन तास आधी. सोयाबीनचं रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू) वेगळं असतं, त्यामुळे पाकिटावर ‘सोयाबीन’ लिहिलेलं बघूनच घ्या, हरभऱ्याचं चालत नाही. पावडर असेल तर १० किलोला २५० ग्रॅम, द्रवरूप असेल तर १०० मिलि. रासायनिक लेप दिला असेल तर पावडरची मात्रा दीडपट करा. द्रवरूपाला वर पाणी घालायची गरज नाही. पावडरला चिकटायला गूळ उकळून पूर्ण थंड केलेलं १०० ते १५० मिलि पाणी पुरतं. पाकिटाची मुदत बघा. दुकानातून आणताना ते गाडीच्या डिकीत उन्हात तापलं तर जिवाणू रानात पोचायच्या आधीच मरतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मिसळून रानात द्या, दाण्यावर तिसरा ओला लेप नको.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन रानात पुरेशी ओल आल्यावर, ३ ते ४ सेंटिमीटर खोल करा. पाच सेंटिमीटरच्या खाली गेलेलं चांगलं बियाणंही भारी रानात हरतं.

पेरून उरलेलं औषध लावलेलं बियाणं नांगे (न उगवल्यानं रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला आठ-दहा दिवसांत वापरा, त्या वेळी जिवाणूंचा लेप नव्यानं द्या. धुऊन ते बाजारात, घाण्यावर किंवा जनावरांच्या पुढ्यात जाता कामा नये, कारण धुतल्यानं औषध पूर्ण निघत नाही. नांगे भरूनही उरलं तर विहीर, ओढा आणि वस्तीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. रिकामे डबे आणि पाकिटंही घरात दुसऱ्या कामाला ठेवू नका.